मुलांचे पहिले स्काऊट-गाईड शिबिर : पालकांनी तयारी कशी करावी

सात वर्षांपूर्वी, माझी मुलगी सहावीत असताना, तिच्या डायरीत एक चिठ्ठी चिकटवून आली. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तीन दिवसांचे गाईड शिबिर आहे, तंबूत राहायचे आहे, संमतीपत्र शनिवारपर्यंत द्यावे, एवढाच मजकूर होता. सही करण्यापूर्वी कोणाला काय विचारावे, मुलीकडून कशाची तयारी करून घ्यावी आणि पिशवीत काय भरावे, यांपैकी कशाचीही मला माहिती नव्हती. त्यामुळे टाळता आल्या असत्या अशा बऱ्याच चुका माझ्या हातून झाल्या आणि त्यांचा त्रास तिला सोसावा लागला. पुढे ती गाईडमधल्या तृतीय सोपान या पायरीपर्यंत गेली, धाकटा मुलगा लहान मुलांच्या कब पथकातून स्काऊट पथकात आला, आणि गेली चार वर्षे मी स्वतः शिबिराच्या स्वयंपाकाला मदत करायला जाते.

या काळात एक भेद मला स्पष्ट कळला. शिबिरात मुलांना होणारा त्रास दोन प्रकारचा असतो. थंड पाणी, कडक जमीन, चुलीचा धूर, रात्रीचा पहारा, आवडत नसलेली भाजी ही गैरसोय आहे, आणि मुलाला शिबिराला पाठवायचे ते तिच्याशी गाठ पडावी म्हणूनच. दूषित पाणी, देखरेखीशिवाय पोहणे, कोणाला न सांगितलेला आजार हा धोका आहे, आणि त्याला शिबिरात जागा असता कामा नये. आपण पालक बहुतेक वेळा गैरसोय टाळण्यासाठी पिशवी फुगवतो आणि धोक्याविषयी मात्र एकही प्रश्न विचारत नाही. पुढचे टप्पे वाचताना हा भेद मनात ठेवावा.

१. आधी चळवळ आणि वयोगट समजून घ्या

१९०७ सालच्या ऑगस्टमध्ये इंग्लंडच्या ब्राउन्सी बेटावर स्काऊट चळवळीचे जनक बेडन-पॉवेल (बी. पी.) यांनी वेगवेगळ्या सामाजिक थरांतल्या सुमारे वीस मुलांचे शिबिर घेतले आणि त्यांना चार संघांत विभागले. आजही स्काऊट पथकाची रचना तीच आहे. सहा ते आठ मुलांचा एक संघ असतो, त्यांच्यातलाच एक संघनायक असतो, आणि तंबू उभारण्यापासून भांडी घासण्यापर्यंतची कामे संघ आपसांत वाटून घेतो. भारतात ही चळवळ १९०९ मध्ये आली तेव्हा तिची दारे भारतीय मुलांना बंद होती. ॲनी बेझंट, मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू, श्रीराम वाजपेयी यांनी भारतीय मुलांसाठी वेगळ्या संघटना उभ्या केल्या म्हणून ती सर्वांची झाली. 'हे इंग्रजांचे खूळ आहे' असे घरातील कोणी ज्येष्ठ म्हणाले, तर त्यांना हा इतिहास अवश्य सांगावा. स्वातंत्र्यानंतर ७ नोव्हेंबर १९५० रोजी या संघटना एकत्र येऊन भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही संस्था झाली, आणि पुढच्या वर्षी गाईड्सची संघटनाही तिच्यात सामील झाली.

साधारण पाच ते दहा वर्षे वयाचे मुलगे कब आणि मुली बुलबुल असतात. दहा वर्षांपुढे ते अनुक्रमे स्काऊट आणि गाईड होतात. प्रवेशानंतर प्रथम, द्वितीय आणि तृतीय सोपान, नंतर राज्य पुरस्कार आणि राष्ट्रपती पुरस्कार अशी चढण आहे, आणि प्रत्येक पायरीला काही महिन्यांचे काम लागते. दहावीच्या सवलतीच्या गुणांसाठी नववीत घाईघाईने नाव घालणारे पालक मी पाहिले आहेत. त्यांच्या मुलांना पायऱ्या चढायला वेळही मिळत नाही आणि शिबिराची गोडीही लागत नाही. सुरुवात पाचवी-सहावीत झाली तर बरे. शाळेत पथक नसेल, तर शाळेशी न जोडलेली खुली पथकेही असतात; त्यांची चौकशी जिल्हा स्काऊट-गाईड कार्यालयात करावी.

२. शिबिर घेणाऱ्यांना नेमके प्रश्न विचारा

हा टप्पा संकोचामुळे वगळला जातो. आपण प्रश्न विचारले तर शिक्षकांना राग येईल, असे मलाही वाटले होते. अनुभव उलटा आला: ज्यांनी पूर्वतयारी केलेली असते ते शांतपणे उत्तरे देतात, आणि जे चिडतात त्यांच्या चिडण्यातूनच आपल्याला उत्तर मिळते.

पहिला प्रश्न प्रशिक्षणाचा. पथकाचे स्काऊट मास्तर किंवा गाईड कॅप्टन यांचे बेसिक आणि ॲडव्हान्स्ड प्रशिक्षण झाले आहे का, आणि शिबिरावर हिमालय वुड बॅज, म्हणजे प्रमुखांच्या प्रशिक्षणातली वरची पायरी, मिळवलेली एखादी अनुभवी व्यक्ती असणार आहे का, हे विचारावे. मुलींच्या शिबिरात रात्री मुक्कामाला महिला प्रमुख असणे अनिवार्य मानावे. कोणतेही मूल कोणत्याही एका प्रौढाबरोबर एकटे, बंद जागेत राहणार नाही असा नियम आहे का, हेही स्पष्ट शब्दांत विचारावे. हा प्रश्न विचारणे म्हणजे कोणावर संशय घेणे नव्हे, कारण चांगले प्रमुख हा नियम स्वतःच्या संरक्षणासाठीही पाळतात.

दुसरा प्रश्न पाण्याचा, आणि माझ्या मते तो सर्वांत महत्त्वाचा आहे. पिण्याचे पाणी कोठून येते, ते उकळले किंवा क्लोरिनने शुद्ध केले जाते का आणि ते काम कोणाकडे सोपवले आहे, हे विचारून घ्यावे. माझ्या मुलीच्या दुसऱ्या शिबिरात जवळच्या विहिरीचे पाणी स्वच्छ दिसते म्हणून तसेच वापरले गेले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अकरा मुलींना जुलाब सुरू झाले. आम्हा पालकांपैकी एकानेही जाण्यापूर्वी पाण्याविषयी विचारले नव्हते. गरम कपड्यांविषयी मात्र सर्वांनी विचारले होते.

तिसरा प्रश्न नदी, तलाव आणि समुद्राचा. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरुडच्या समुद्रात सहलीला गेलेले पुण्याचे महाविद्यालयीन विद्यार्थी बुडाले. ते तर वयाने मोठे होते. शिबिराच्या कार्यक्रमात पाण्यात उतरणे असेल, तर जीवरक्षक कोण, एका वेळी किती मुले उतरणार आणि जीवरक्षक जाकिटे आहेत का, याची उत्तरे लेखी घ्यावीत. उत्तर मोघम आले तर 'माझ्या मुलाला पाण्यात उतरवू नये' असे संमतीपत्रावरच लिहून द्यावे.

खासगी संस्थांच्या दिवाळी किंवा उन्हाळी शिबिरांना हेच प्रश्न लागू आहेत. महाराष्ट्र शासनाच्या पर्यटन विभागाने २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण आणले असून साहसी उपक्रम घेणाऱ्यांनी नोंदणी करावी अशी त्यात तरतूद आहे. दोरीवरून उतरणे, कडा चढणे, झिपलाईन असे काही माहितीपत्रकात दिसले तर नोंदणीचा कागद पाहायला मागावा.

३. कागदपत्रे आठवडाभर आधी तयार ठेवा

सामान्यतः पुढील कागद लागतात:

• पालकांचे संमतीपत्र, दोन्ही पालकांच्या आणि एका जवळच्या नातेवाइकाच्या दूरध्वनी क्रमांकांसह
• डॉक्टरांचे आरोग्य प्रमाणपत्र, रक्तगट आणि धनुर्वाताच्या लसीची तारीख
• आधार कार्डाची प्रत आणि पासपोर्ट आकाराची दोन छायाचित्रे
• स्काऊट-गाईड नोंदणीचे ओळखपत्र किंवा प्रगतिपुस्तिका
• अपघात विमा असल्यास त्याची प्रत
• नियमित औषधे चालू असल्यास डॉक्टरांची चिठ्ठी, आणि औषधांच्या वेळा मोठ्या अक्षरांत लिहिलेला वेगळा कागद

आरोग्याच्या रकान्यात काहीही लपवू नये. दमा, फिट, शेंगदाण्याची किंवा एखाद्या औषधाची ॲलर्जी तर लिहावीच, पण रात्री अंथरूण ओले होणे, झोपेत चालणे, अंधाराची फार भीती असणे याही गोष्टी प्रमुखांना खासगीत सांगाव्यात. एका शिबिरात एक मुलगा दोन्ही रात्री चुलीजवळ येऊन आमच्याशी गप्पा मारत बसला. काही केल्या झोपायला जाईना. तिसऱ्या दिवशी, खूप विचारल्यावर, अंथरूण ओले होईल या भीतीने तो जागा राहत होता हे कळले. घरच्यांनी लाजेपोटी सांगितले नव्हते, आणि 'कोणाला कळू देऊ नकोस' असे त्यालाही बजावले होते. आधी माहीत असते, तर त्याला रात्री दोनदा उठवून लघवीला नेणे एवढेच करावे लागले असते. मुलीला पाळी सुरू झाली असेल किंवा सुरू होण्याच्या वयाची असेल, तर गाईड कॅप्टनशी मोकळेपणाने बोलावे, पॅड द्यावेत आणि ते वापरून कोठे टाकायचे हे तिला विचारायला सांगावे.

४. महिनाभर आधी घरी तालीम सुरू करा

शिबिरात रडणाऱ्या मुलांपैकी बहुतेक जण अंगावर पडलेल्या पाच-सहा नव्या गोष्टींनी एकाच वेळी गांगरलेले असतात. त्या गोष्टी घरी एकेक करून ओळखीच्या झाल्या, तर शिबिरात नवेपणा कमी उरतो.

पहिल्या आठवड्यात मुलाला गादीऐवजी सतरंजीवर झोपवावे आणि सकाळी अंथरुणाची वळकटी स्वतः बांधायला लावावी. वळकटी सैल बांधली गेली की उचलताच सुटते. ती सुटू द्यावी, आपण बांधून देऊ नये. दुसऱ्या आठवड्यात एका बादलीत आंघोळ आणि जेवल्यावर स्वतःचे ताट राखेने किंवा साबणाने घासणे सुरू करावे. हातरुमाल आणि मोजे धुऊन वाळत घालणे हेही त्यातच आले. शहरातल्या ज्या मुलांना भारतीय पद्धतीच्या शौचालयाची सवय नाही, त्यांना ती अवश्य लावावी. ही गोष्ट किरकोळ वाटते, पण सवय नसलेली मुले शिबिरात तीन-तीन दिवस शौचाला जात नाहीत, पाणी पिणे कमी करतात आणि पोटदुखीने आजारी पडतात. शिबिराच्या औषधपेटीकडे येणाऱ्या तक्रारींत मी सर्वांत जास्त पाहिलेली तक्रार हीच आहे.

तिसऱ्या आठवड्यात एखाद्या रात्रीसाठी मुलाला मावशीकडे किंवा आत्याकडे, आपल्याशिवाय, मुक्कामाला पाठवावे आणि तेथे फोन करू नये. जे मूल आईवडिलांशिवाय एकही रात्र राहिलेले नाही, त्याला थेट तंबूत पाठवणे मला योग्य वाटत नाही.

याच काळात तीन-चार गाठी पक्क्या करून घ्याव्यात. दोन सारख्या जाडीच्या दोऱ्या जोडणारी रीफ नॉट, जाड-बारीक दोऱ्या जोडणारी शीट बेंड, खांबाला दोरी अडकवणारी क्लोव्ह हिच आणि न आवळणाऱ्या फाशाची बोलाइन एवढ्या आल्या तरी मूल तंबू उभारताना उपयोगी पडते. दोन मीटर सुती दोरी आणि खुर्चीचा पाय हे साहित्य पुरेसे आहे. डोळे मिटून बांधता आल्या म्हणजे आल्या असे समजावे, कारण तंबूची दोरी बहुधा रात्री वारा सुटल्यावरच ढिली होते.

५. सामान : मुलाने भरायचे, तुम्ही फक्त यादी वाचायची

पाठीवरच्या पिशवीचे वजन मुलाच्या वजनाच्या दहाव्या भागाच्या आसपास ठेवावे. वळकटी वेगळी. तीन दिवसांसाठी पुढील वस्तू पुरतात:

• सतरंजी, दोन चादरी किंवा एक घोंगडी, आणि खाली अंथरायला जाड प्लास्टिकचा तुकडा
• संपूर्ण गणवेष, स्कार्फ आणि तो गळ्याशी अडकवण्याचे कडे (वॉगल). शिवाय कामाचे साधे कपडे दोन जोड
• स्वेटर, कानटोपी, मोज्यांचे तीन जोड
• वापरून सैल झालेले बूट आणि एक चप्पल
• ताट, वाटी, पेला, चमचा, पाण्याची बाटली
• विजेरी आणि जादा सेल, शिट्टी, तीन मीटर दोरी
• टूथब्रश, साबण, कंगवा, टॉवेल, डास पळवणारे मलम
• वही, पेन्सिल, सुईदोरा, चार सेफ्टीपिना

डिसेंबर-जानेवारीत नाशिक, पुणे, सातारा या पठारी भागांत रात्रीचे तापमान दहा अंशांखाली उतरते. मुंबई-ठाण्याच्या मुलांना त्याचा अंदाज नसतो. थंडी वरून जितकी लागते तितकीच जमिनीतून लागते. म्हणून एक जादा पांघरूण अंगावर घेण्यापेक्षा अंगाखाली घालावे. आम्ही पहिल्या वेळी मुलीला जाड रजई दिली, जी तिला उचलवली नाही, आणि खाली घालायला फक्त एक चादर दिली. रात्रभर ती कुडकुडली.

येथे सर्वांत जास्त फसगत नव्या बुटांमुळे होते. शिबिरासाठी मुद्दाम घेतलेले बूट पहिल्याच दिवशी टाचेला फोड आणतात, आणि मग उरलेले दोन दिवस मूल लंगडत बसून राहते. नवे बूट घ्यायचेच असतील तर तीन आठवडे आधी घेऊन रोज तासभर घालायला लावावेत. खाऊचे डबे देऊ नयेत, कारण तंबूत त्यांच्यामागे मुंग्या आणि उंदीर येतात आणि संघात भांडण होते. सोन्याची कर्णफुले, साखळी आणि महागडे घड्याळ घरी ठेवावे. मोबाईलविषयी पुढे लिहिले आहे. प्रत्येक वस्तूवर, मोज्यांवरसुद्धा, नाव घालावे.

पिशवी मुलानेच भरावी हा आग्रह मी का धरते, तर आईने भरलेल्या पिशवीतली विजेरी अंधारात मुलाला सापडत नाही.

६. शिबिरात प्रत्यक्ष काय घडते

पहाटे साडेपाच-सहाला शिट्टी वाजते. प्रातर्विधी, बी. पी. चे सहा व्यायामप्रकार, तंबूची आवराआवर, तपासणी, ध्वजवंदन, प्रार्थना, मग न्याहारी असा क्रम असतो. तपासणीला अंथरुणे एका रेषेत, ताटे पालथी, बूट जोडीने लागतात. ज्या मुलाने घरी कधी चादरीची घडी घातली नाही, त्याच्यामुळे सगळ्या संघाचे गुण जातात, आणि इतर पाच जणांची नाराजी त्याला सोसावी लागते. पहिल्या दिवशी हे फार लागते. दुसऱ्या दिवशी तोच मुलगा सर्वांच्या आधी उठून घडी घालताना मी अनेकदा पाहिला आहे. त्याला कोणीतरी घडी कशी घालायची ते दाखवलेलेही असते.

दिवसा गॅजेट करायचे असतात, म्हणजे बांबू आणि सुतळी बांधून बुटांची मांडणी, ताटांचा स्टँड, कपड्यांची दांडी अशा रोजच्या सोयी तयार करायच्या. वाटेच्या खुणा ओळखत जायचे, होकायंत्र वापरायचे, प्रथमोपचार शिकायचे. स्वयंपाक संघाने करायचा असेल तर धूर डोळ्यांत जातो, भात खाली करपतो आणि वर कच्चा राहतो, आणि तोच खावा लागतो. बिनभांड्याचा स्वयंपाक हा मुलांचा सर्वांत आवडता भाग असतो. मातीत लिंपून भाजलेले बटाटे, निखाऱ्यावरचे वांगे, काठीला गुंडाळून भाजलेली कणीक हे सारे अर्धे जळालेले असते, तरी मुले बोटे चाटून खातात.

जिल्ह्याच्या शिबिरात माझ्या मुलीच्या संघाशेजारी एका जिल्हा परिषद शाळेच्या मुलींचा तंबू होता. आदल्या रात्री दव पडून लाकडे ओलसर झाली होती. आमच्या मुलींनी अर्धी काडेपेटी संपवली आणि नुसता धूर केला. शेजारच्या तंबूतली एक मुलगी आली. तिने लाकडे बाजूला सारली, आतला कोरडा भाग दिसेपर्यंत बारीक ढलप्या काढल्या, वारा कोणीकडून येतो ते पाहून चुलीचे तोंड फिरवले आणि दोन काड्यांत जाळ केला. दुपारी नकाशावरून दिशा काढताना तिला अडचण आली, तेव्हा आमच्यापैकी एकीने तिच्याजवळ बसून ते समजावले. घरी आल्यावर माझी मुलगी म्हणाली, "आई, तिला विचारायला मला आधी लाज वाटली होती." शिबिराची फी, धावपळ, चिंता सगळे त्या एका वाक्यात मला परत मिळाले.

पहिली रात्र कठीण असते, हे मुलाला आधीच सांगून ठेवावे. शेकोटी, गाणी, आरोळ्या, नकला संपून अंथरुणावर पडले की घर आठवते. एक मूल रडू लागले की तंबूतली आणखी दोघे रडतात. बहुतेक वेळा अर्ध्या तासात झोप लागते आणि सकाळी कोणाला आठवतही नाही. रात्री पाळीपाळीने पहारा असेल, तर प्रौढ व्यक्ती सोबत आहे ना हे आधी विचारलेले असावे. तेवढे असले की तो तासभर मुलांच्या आठवणीत वर्षानुवर्षे राहतो. माझ्या मुलाने मृग नक्षत्र प्रथम पाहिले ते पहाऱ्यावर.

आपसांतली कुरबुर आणि छळ यांत मात्र फरक करावा. कामावरून वाद, अबोला, 'तुझ्यामुळे गुण गेले' अशी टोचणी मुले स्वतःच मिटवतात, आणि मोठ्यांनी मध्ये पडू नये. एकाच मुलाला पुन्हा पुन्हा लक्ष्य करणे, मारणे, कपडे किंवा सामान लपवणे, शरीराविषयी वा जातीविषयी बोलणे हे सहन करायचे नाही, आणि तसे झाल्यास प्रमुखांना लगेच सांगणे म्हणजे चुगली नव्हे, हे घरातून निघतानाच मुलाला शांतपणे सांगावे.

७. धोक्याच्या गोष्टी मुलालाही ठाऊक हव्यात

महाराष्ट्रात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार विषारी साप प्रामुख्याने आढळतात. मण्यार रात्री फिरतो, जमिनीवर झोपलेल्यांना चावतो आणि त्याचा दंश पुष्कळदा दुखतही नाही. म्हणून सकाळी उठल्यावर एखाद्या मुलाच्या पोटात दुखू लागले, पापण्या जड झाल्या किंवा बोलणे अडखळू लागले, तर खूण दिसत नसली तरी त्याला तातडीने रुग्णालयात न्यावे. दंशाच्या जागी कापणे, चोखणे, घट्ट आवळपट्टी बांधणे यांपैकी काहीही करू नये. मुलाला चालू न देता, अवयव काठीच्या आधाराने स्थिर ठेवून, १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेने किंवा मिळेल त्या वाहनाने प्रतिसर्पविष असलेल्या रुग्णालयात न्यायचे. ते रुग्णालय कोणते आणि किती दूर, हे शिबिरप्रमुखांना आधीच माहीत असले पाहिजे. टप्पा दोनमधील प्रश्नांत तो प्रश्नही घालावा.

बूट घालण्यापूर्वी उलटे करून झटकण्याची सवय विंचवासाठी. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध परिणामकारक ठरते हे दाखवून दिले, तेव्हापासून या दंशाने होणारे मृत्यू पुष्कळ कमी झाले. तथापि, त्यासाठी रुग्ण वेळेत दवाखान्यात पोहोचावा लागतो. मंत्र आणि उतारे यांत घालवलेला वेळ महाग पडतो.

गडावर किंवा कड्याखाली जायचे असेल तर आग्या मधमाश्यांची पोळी असतात. अत्तर लावू नये, दगड मारू नये, धूर करू नये, आणि माश्या उठल्याच तर स्कार्फने तोंड झाकून, हात न झटकता, त्या जागेपासून शक्य तितक्या लवकर दूर जावे.

जुलाब लागले तर जलसंजीवनीची पाकिटे वापरावीत. ती नसल्यास एक लिटर शुद्ध पाण्यात चहाच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून थोडे थोडे पाजत राहावे. हे प्रमाण मुलाकडून पाठ करून घ्यावे.

८. निरोप द्या आणि फोन करू नका

पहिल्या शिबिराच्या वेळी मी मुलीच्या पिशवीच्या तळाशी, कपड्यांत गुंडाळून, जुना मोबाईल ठेवला होता. नियम मोडतो आहोत हे मला माहीत होते. रात्री दहाला तिचा रडत फोन आला, मी तिला धीर देण्याऐवजी स्वतःच रडले, आणि दोघी अर्धा तास बोललो. तिचे रडणे थांबले नाहीच, उलट तंबूतल्या इतर मुलींना आपल्याजवळ फोन नाही याचे दुःख झाले. दुसऱ्या दिवशी तिला सर्वांसमोर फोन जमा करावा लागला. त्या अपमानाला मी कारणीभूत होते, आणि त्याबद्दल मी तिची क्षमा मागितली.

निरोप थोडक्यात द्यावा. 'रडू नकोस' असे म्हणण्यापेक्षा 'रडू आले तर संघनायिकेला सांग' असे म्हणावे. 'नाही आवडले तर लगेच घ्यायला येईन' असे आश्वासन कधीही देऊ नये, कारण मग मूल पहिल्या अडचणीपासूनच तुमच्या येण्याची वाट पाहू लागते. प्रमुखांचा क्रमांक आपल्याकडे असावा, दिवसातून एकदा पालकांच्या गटावर खुशालीचा निरोप येईल अशी व्यवस्था असावी, आणि तेवढ्यावर थांबावे. भेटीचा दिवस ठरलेला नसेल तर शिबिरस्थळी जाऊ नये.

९. परत आल्यावर

मूल मळलेले, घसा बसलेला आणि झोपाळू परत येते. पहिल्या संध्याकाळी प्रश्नांची सरबत्ती करू नये. गरम पाण्याची आंघोळ घालताना कानामागे, काखेत, जांघेत गोचीड चिकटलेली नाही ना ते पाहावे. डोक्यातल्या उवाही पाहाव्यात. पुढच्या दोन आठवड्यांत ताप आला, तर मूल शिबिराला जाऊन आले आहे हे डॉक्टरांना न विसरता सांगावे. खऱ्या गोष्टी तिसऱ्या-चौथ्या दिवशी, जेवताना, आपोआप बाहेर येतात. त्यात खुपणारे काही असेल तर ते त्याच वेळी कळते.

शिबिर हा वर्षभराच्या कामाचा एक भाग आहे. साप्ताहिक सभा, सेवाकार्य, आणि मुलांनी स्वतः कष्ट करून चार पैसे मिळवण्याचा 'खरी कमाई' हा उपक्रम यांत मूल टिकून राहिले तरच शिबिरात शिकलेले अंगी मुरते. मोठेपणी मध्य प्रदेशातील पचमढीच्या राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्रापर्यंत जाण्याची संधी असते. पुण्यातले 'संगम' हे गाईड चळवळीच्या जगातल्या मोजक्या जागतिक केंद्रांपैकी एक आहे. १९६६ मध्ये सुरू झालेले हे केंद्र आपल्याच राज्यात आहे हे अनेक गाईड्सच्या पालकांना ठाऊक नसते.

शेवटचे काम वळकटीचे. सतरंजी आणि चादरी दोन दिवस कडक उन्हात टाकून मगच ठेवाव्यात, कारण दमट अंथरुणाला बुरशी येते. त्याच वेळी मुलाला सामानाची यादी हातात देऊन, न वापरलेल्या वस्तूंवर रेघ मारायला आणि कमी पडलेल्या वस्तू खाली लिहायला सांगावे. आमच्या कपाटाच्या दाराला आतून अशा पाच याद्या चिकटवलेल्या आहेत. पहिलीवर बावीस वस्तूंवर रेघा आहेत, आणि खाली मुलीच्या अक्षरात लिहिले आहे : 'खाली घालायला घोंगडी.'